तक्रारीच्या बटणामागे कोण बसते?

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. शर्टाचे नाही. शर्टाचे बटण असतो तर तुटल्यावर कुणीतरी खाटेखाली वाकून शोधले तरी असते. मी फोनमधले बटण आहे. 'गजबज' नावाचे ॲप तुमच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असेलच. त्यात लोक व्हिडिओ टाकतात, दुसऱ्यांचे बघतात आणि तेवढ्यात भाकर करपते. बघता बघता काही खोटे, वाईट किंवा घातक दिसले, तर जे दाबायचे ते बटण म्हणजे मी. माझ्यावर लिहिले आहे, 'तक्रार करा'.

मी एकच आहे, पण सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. हे कसे, ते मलाही नीट कळलेले नाही. मला तुमचे बोलणे ऐकू कसे येते, असेही तुमच्या मनात आले असेल. ते मात्र विचारू नका. परवानगी तुम्हीच दिली आहे. पहिल्याच दिवशी, न वाचता.

माझा जन्म पुण्यातल्या एका गार कार्यालयात झाला. आरती नावाच्या मुलीने मला काढले. ती अकोल्याची होती, त्यामुळे त्या कार्यालयात ती एकटीच स्वेटर घालून बसायची. तिने मला लालभडक रंग दिला आणि व्हिडिओच्या शेजारी, अंगठा सहज पोचेल अशा जागी बसवले. तिच्या वरिष्ठांना ते काही आवडले नाही. "इतकं मोठं कशाला?" ते म्हणाले. आरती म्हणाली, "सर, डॉक्टरच्या दारावरची बेल कोणी लपवून ठेवत नाही."

माझ्या पाठीमागे एक वायर आहे, असे तिने मला सांगितले होते. ती वायर एका खोलीत जाते. त्या खोलीत मराठी कळणारी माणसे बसतात. मला कुणी दाबले की त्यांच्यापैकी एकजण चहाचा कप खाली ठेवतो, तो व्हिडिओ पाहतो आणि ठरवतो. मी तिच्यावर विश्वास ठेवला. स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही, मित्रांनो. तिथे काय आहे, ते दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच मानावे लागते.

सुरुवातीची वर्षे फार कामाची गेली. लोक मला मनापासून दाबत. तेल्हाऱ्याच्या एका गृहस्थांनी आपल्या जावयाच्या वाढदिवसाच्या फोटोची तक्रार केली, कारण फोटोत ते स्वतः नव्हते. चांदूर बाजारातल्या एका पोराने गणिताच्या सरांची तक्रार केली. सर ॲपवर नव्हतेच, पण त्याने केली. मे महिन्यात कुणीतरी अकोल्याचे तापमान टाकले, तर लोकांनी ती पोस्ट 'हिंसक' म्हणून कळवली. खोलीतल्या माणसांनी विचार करून ती राहू दिली, पण त्यांनाही लोकांचे म्हणणे पटले होते असे आरती सांगत होती. खऱ्या तक्रारीही येत. एका मुलीचा चोरलेला फोटो, एका मोहल्ल्याविरुद्ध पेटवलेली अफवा. त्या वेळी कप लगेच खाली ठेवला जाई.

तेव्हा कंपनीचे मोठे साहेब माझे फार कौतुक करीत. "सुरक्षितता हे आमचे हृदय आहे," असे ते स्टेजवर म्हणाले आणि माझे चित्र मागच्या पडद्यावर झळकले. पुढच्या वर्षी त्याच स्टेजवर ते म्हणाले, "स्वातंत्र्य हे आमचे हृदय आहे." पडद्यावर माझ्याऐवजी एक पाखरू होते. साहेबांना एकूण हृदये किती, हे मला अजून समजलेले नाही. पण तेव्हापासून मला संशय यायला लागला.

आणि संशयाला खाद्य कमी नव्हते. अशा ॲपांचे साहेब जगात पुष्कळ आहेत. एक म्हणतो, खरे-खोटे ठरवणारे आम्ही कोण? दुसरा म्हणतो, ते सरकारने ठरवावे. सरकार ठरवायला बसले की तिसरा म्हणतो, स्वातंत्र्य धोक्यात आहे. मग तिघे एकत्र जेवतात. जेवणाचे फोटो माझ्याच शेजारी येतात.

पाखराच्या भाषणानंतर ती मराठी कळणारी खोली रिकामी झाली. तिथे यंत्र बसवले म्हणतात. आरतीलाही घरी जायला सांगितले. जायच्या दिवशी तिने खोली बंद झाल्याची कंपनीची घोषणा उघडली आणि मला एकदा दाबले. लगेच उत्तर आले, 'या मजकुरात आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही.' ती हसली, स्वेटर पिशवीत कोंबला आणि अकोल्याला निघून गेली. त्यानंतर मला लालऐवजी राखेचा रंग दिला गेला. पुढे तीन ठिपक्यांच्या आड ढकलले. मग तीन ठिपक्यांच्या आत 'इतर', 'इतर'च्या आत 'आणखी', आणि 'आणखी'च्या तळाशी मी. तिथे शेजारी फक्त 'भाषा बदला' हे बटण आहे. तेही फार बोलत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला बोलावले आहे, ती सांगतो.

वरूडजवळच्या एका गावात सुभद्राबाई राहतात. त्यांची आणि त्यांचे यजमान गोवर्धनराव यांची संत्र्याची बाग आहे. पावसाळा सरला की संत्र्याच्या खोडाला मोरचूद आणि चुना कालवून निळसर लेप देतात, म्हणजे बुरशी लागत नाही आणि डिंक वाहत नाही. बोर्डो पेस्ट म्हणतात त्याला. त्या भागात हा लेप शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. झाडे ओळीने निळी होतात. सुभद्राबाई ब्रशने लेप देत होत्या आणि त्यांची मुलगी रागिणी, जी अमरावतीला कॉलेजात आहे आणि सुट्टीला आली होती, तिने तो व्हिडिओ काढून 'गजबज'वर टाकला. खाली लिहिले, 'थंडी आली, आमच्या मायनं झाडाईले पायजमे शिवले.'

लोक हसले. तिथेच संपायला हवे होते.

पण वरूडच्या बाहेर जग आहे आणि त्या जगाला मोरचूद माहीत नाही. कुणीतरी, कुठूनतरी, तो व्हिडिओ उचलला. त्याला भुताच्या सिनेमात असते तसली वाजंत्री लावली आणि वर लिहिले, 'पाहा, संत्र्यात असे भरतात निळे विष. मुलांना देऊ नका.' हा व्हिडिओ मात्र धावला. खऱ्या व्हिडिओला पाय असतात, खोट्याला कंपनी स्वतः गाडी देते, हे मी तळाशी पडल्या पडल्या पुष्कळदा पाहिले आहे. लोक घाबरले की जास्त वेळ थांबतात. जास्त वेळ थांबले की जास्त जाहिराती बघतात. त्या गाडीचे डिझेल तेच.

सुभद्राबाईंची बाग देवीदास नावाच्या व्यापाऱ्याने झाडावरच घेतली होती. फळ धरले की व्यापारी बागेतून फिरतो, नजरेनेच अंदाज बांधतो, सौदा ठरतो आणि पिकले की त्याची माणसे तोडायला येतात. संत्री पिवळी झाली होती. देवीदास मात्र रिकाम्या हातांनी आला आणि बांधावरच उभा राहिला.

"वहिनी, तोडणी थांबवा लागते."

"काहून?"

"ते निळं विष पाहून राहिले ना लोकं. दूरचा मंडीवाला म्हणते, तो व्हिडिओ जाईपर्यंत या बागेचा माल नोको पाठवू. तुमचा चेहरा दिसते त्याच्यात."

"देवीदास भाऊ, तुमाले मालूम नाई का बोर्डो काय असते? तुमच्या सासऱ्यानंच शिकवलं आमाले."

"मले मालूम हाय वहिनी. मंडीवाल्याले कोण सांगन? त्याचं संत्र्याशी नातं क्रेटात सुरू होते अन् क्रेटातच संपते."

पिकलेले संत्रे झाडावर फार दिवस थांबत नाही. साल सुटायला लागते, मग देठ ढिला होतो, मग ते खाली पडते. खाली पडलेले कुणी घेत नाही. म्हणजे व्हिडिओ जाणे आणि फळ गळणे यांची शर्यत लागली होती. एका बाजूला सुभद्राबाई होत्या. त्यांच्या बाजूने मी होतो, आणि याचीच मला काळजी वाटत होती.

त्या संध्याकाळी रागिणीने आईच्या फोनवर तीन ठिपके, 'इतर', 'आणखी' असे खणत खणत मला शोधून काढले. सुभद्राबाईंनी लेपाचे हात न धुताच अंगठा टेकवला. फार दिवसांनी कुणी मला इतक्या जोराने दाबले. मी माझी यादी उघडली. ही यादी मी लिहिलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

रागिणी वाचू लागली. "कशाबद्दल तक्रार हाय, ते निवडाचं हाय आई. हिंसा."

"नाई."

"नग्नता."

"झाडाले पायजमा हाय म्हणून तूच लिवलं ना वो. नग्न कुठून?"

"प्राण्यांना त्रास. शस्त्रविक्री. मला हे आवडत नाही."

"अन् 'हे खोटं हाय' हे कुठी हाय?"

रागिणीने वरून खाली आणि खालून वर पाहिले. "ते नाई वाटते यादीत."

गोवर्धनराव ओट्यावर सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "दाब 'आवडत नाही'. खोटं तर नाई ते. मले बी आवडलं नाई."

त्यांनी 'मला हे आवडत नाही' दाबले. मी पाठ ताठ केली. वायर हलते का, ते पाहत होतो. काही हलले नाही. तरीही उत्तर लगेच आले, 'तुमच्या तक्रारीबद्दल धन्यवाद. आम्ही कारवाई केली आहे.' रागिणीने व्हिडिओ शोधला. नव्हता. पुन्हा शोधला. खरेच नव्हता. सुभद्राबाईंनी गावातल्या मारुतीपुढे गूळ-खोबरे ठेवले आणि सकाळी देवीदासला फोन केला. "या भाऊ तोडायले. काढला त्याईनं."

देवीदास आला. आपला फोन काढून त्याने सुभद्राबाईंपुढे धरला. त्यात त्या निळा ब्रश घेऊन उभ्या होत्या आणि भुताची वाजंत्री वाजत होती.

मित्रांनो, काय झाले होते, ते सांगतो. कंपनी म्हणाली, बाईंना आवडत नाही ना, मग बाईंना दाखवू नका. एवढीच कारवाई. ज्यांच्याबद्दल तो व्हिडिओ होता, त्या सुभद्राबाई सोडून बाकी सगळ्या जगाला तो दिसत होता.

सुभद्राबाईंनी देवीदासचा फोन हाताने बाजूला केला. मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे घरात साप निघाला सांगाले गेली, तं त्याईनं माह्याच डोयावर पट्टी बांधली."

देवीदासने फोन खिशात टाकला. मागे बागेत काहीतरी धप्पकन पडले. कुणी वळून पाहिले नाही, कारण काय पडले ते सगळ्यांना ठाऊक होते.

त्याच आठवड्यात अमरावतीला कंपनीचा 'विश्वास मेळावा' होता. गावोगावच्या लोकांनी ॲप जबाबदारीने कसे वापरावे, हे कंपनी समजावणार होती. रागिणीला कॉलेजमुळे दोन पास मिळाले. सुभद्राबाई पुरावा म्हणून ओटीत बागेतली संत्री घेऊन गेल्या. दारावर प्रत्येकाला कागदी टोपी मिळाली. टोपीवर 'गजबज'ची खूण होती, तीच नारिंगी मधमाशी जी ॲपवर असते. सुभद्राबाईंनी टोपी मांडीवर ठेवली.

पडद्यावर मोठे साहेब आले. आवाज मराठी होता, ओठ दुसऱ्याच भाषेत हलत होते. साहेब म्हणाले, "आम्ही केवळ एक मोकळे मैदान आहोत. मैदानावर कोण काय बोलतो, याला मैदान जबाबदार कसे? आणि कुणाला काही खटकले, तर प्रत्येकाच्या हाती तक्रारीचे बटण आहे."

माझे नाव ऐकून मी जरा ताठ झालो. खोटे कशाला सांगू, बरे वाटले. मग लक्षात आले, साहेबांनी जबाबदारी झटकून जिथे ठेवली, ती जागा म्हणजे मी. आणि मी तर 'भाषा बदला'च्या शेजारी पडलो आहे.

भाषण संपताच सुभद्राबाई उभ्या राहिल्या आणि पडद्याला उद्देशून बोलू लागल्या. "साहेब, आमच्या गावात कोणाच्या ओट्यावर बसून कोणाची बदनामी झाली, तं दुसऱ्या दिवशी लोकं बोलणाऱ्याच्या घरी नाई जात. ज्याचा ओटा, त्याच्या घरी जातात. त्याले इचारतात, तू घरात होता ना, ऐकत होता ना, मंग त्याले उठवलं काहून नाई? तो जवाब देईपर्यंत त्याच्या घरचं पाणी पेत नाई कोणी."

कंपनीच्या एक मॅडम माईक घेऊन लगबगीने आल्या. "ताई, साहेब ऐकत नाहीत. ते भाषण आधीच रेकॉर्ड केलेलं आहे."

"बरं. मंग तुमाले इचारते."

"ताई, आमचा ओटा नाही. आम्ही मैदान आहोत."

"मैदानात माणूस आपल्या पायानं जाते बाई. तुमचं मैदान तं देवीदास भाऊच्या खिशात जाऊन वाजते. त्यानं बोलावलं नोयतं."

सभागृहात हशा झाला. मॅडमही हसल्या, कारण हसण्याचे त्यांना प्रशिक्षण होते. त्या म्हणाल्या, "तुमची तक्रार आम्ही नक्की पुढे पाठवू," आणि पाण्याची बाटली पुढे केली. सुभद्राबाईंनी ती घेतली नाही. खाली बसून त्यांनी ओटीतले एक संत्रे सोलले, अर्धे रागिणीला दिले, आणि साली कुठे टाकाव्यात म्हणून इकडेतिकडे पाहून त्या मांडीवरच्या टोपीत टाकल्या.

पुढचा घास तोंडात जायच्या आत कोट घातलेला एक माणूस रांगेतून वाट काढत आला. "ताई, टोपीत साली टाकू नका. ही कंपनीची खूण आहे. तिचा असा वापर चालत नाही." त्याने टोपी अलगद उचलली, साली हातात घेतल्या आणि मधमाशी रुमालाने पुसली.

सुभद्राबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुमाले कुठून दिसलं हो भाऊ इतक्या लवकर?"

"आमचं तेच काम आहे ताई."

परतीच्या एसटीत सुभद्राबाई खिडकीशी बसल्या होत्या. मोर्शी मागे गेल्यावर त्या म्हणाल्या, "रागिणी, माह्या तोंडाले विष फासलं ते इतक्या दिवसात कोणाले दिसलं नाई. अन् मधमाशीले साल लागली तं माणूस धावत आला. तू ते यादी पुन्हा काढ बरं. मधमाशीचं काई हाय का त्याच्यात?"

रागिणीने आईच्याच फोनवर, जुन्या तक्रारीतून, यादी पुन्हा काढली. हिंसा, नग्नता, प्राणी, शस्त्रे. सगळ्यात तळाशी, कुणीही कधी न दाबलेला एक पर्याय होता. 'कंपनीच्या खुणेचा गैरवापर'.

"हाय आई."

"अन् त्या व्हिडिओत मधमाशी हाय का?"

रागिणीने मैत्रिणीने पाठवलेली त्याची प्रत पाहिली. अर्थातच होती. 'गजबज'वरचा व्हिडिओ कुणीही उतरवून घेतला, तरी कंपनी आपली मधमाशी कोपऱ्यात छापूनच देते. चोराने सगळे बदलले होते, पण मधमाशी काढायची राहून गेली होती. निळ्या विषाच्या अगदी शेजारी ती आनंदाने बसली होती.

"खोटं नाई ना बोलून राहिलो आपण?" सुभद्राबाईंनी विचारले.

"नाई आई. मधमाशी हायच. अन् विषाच्या बाजूले बसवणं हा गैरवापरच झाला."

"दाब मंग."

त्या वेळी, मित्रांनो, माझ्या पाठीला झटका बसला. वायर होती. इतकी वर्षे होती. फक्त आता ती या एकाच पर्यायाला जोडलेली होती. एसटी पुढच्या थांब्यावर पोचायच्या आत त्या एका खोट्या व्हिडिओसकट त्याच्या सगळ्या प्रती गेल्या. आरशात पाहिल्यासारखी उलटी केलेली, सुभद्राबाईंना डावखुरे करणारी एक प्रत होती, तीही गेली. उत्तर आले, 'कंपनीचा सन्मान जपल्याबद्दल धन्यवाद.' खोटे काढल्याबद्दल एक शब्द नव्हता, आणि सुभद्राबाईंचे तर नावही नव्हते.

देवीदासची माणसे दुसऱ्या दिवशी तोडायला आली. तोवर बांधाकडच्या ओळींखाली संत्र्यांचा सडा पडला होता. तो गोवर्धनरावांनी पाटीने उचलून शेणखताच्या खड्ड्यात टाकला. उरलेला माल गेला. दूरच्या मंडीत अजून कुणीतरी विचारते म्हणे, "ते निळ्यावाले तर नाहीत ना?" कारण व्हिडिओ गेला, पण तो खोटा होता असे कुणी कुणाला सांगितलेच नाही. देवीदास आता प्रत्येक क्रेटवर बोर्डोची माहिती लिहून चिकटवतो. कंपनीचे काम तो डिंकाने करतो.

आरतीलाही हे कळले. वऱ्हाडात गोष्ट कळायला ॲप लागत नाही. अकोल्यात ती आता मुलांना संगणक शिकवते. ती म्हणाली, "म्हणजे वायर होती. मला वाटलं, मीच उगाच सांगितलं त्याला." हे ऐकून मला बरे वाटले. पण तेवढ्यातच असेही कानावर आले, की वरूडकडून मधमाशीच्या तक्रारी फार वाढल्याने कंपनी आता तो पर्यायच यादीतून काढणार आहे. मी संशयी झालो असेन, तर उगाच झालेलो नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मला पुसायला फडके लागत नाही आणि तेलही लागत नाही. मला फक्त एवढेच हवे आहे, की मला दाबल्यावर 'धन्यवाद' वाचून झोपी जाऊ नका. व्हिडिओ खरेच गेला का, ते शेजाऱ्याच्या फोनवर जाऊन पाहा. माझ्या पाठीमागे कोण बसले आहे, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्यांचे पाणी घेऊ नका. मला स्वतःला मागे वळून पाहता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

सुभद्राबाईंच्या फोनवर मात्र मी आता राखेच्या रंगाचा नाही. त्या पहिल्या संध्याकाळी लेप लागलेल्या अंगठ्याने त्यांनी मला दाबले, त्याचा डाग काचेवर राहिला आहे. रागिणी पुसायला निघाली होती. सुभद्राबाई म्हणाल्या, "राहू दे. खोडालेच लावतात तो."

आरतीनंतर मला पहिल्यांदाच कुणी रंग दिला. निळा आहे. बुरशी लागू नये म्हणून देतात.